बंद खिडक्यांतलं नाव

"एक शब्द जरी काढलास ना व्हर्डेल, तर खुर्चीला ब्रेक लावून इथंच बसेन," आत्या म्हणाली. "मग ने मला उचलून."

"बस खुशाल. सावली आहे," मी म्हटलं आणि तिची चाकांची खुर्ची फाटकातून आत ढकलली.

बाग म्हणायची इतकंच. मेपलची दोन झाडं, तीन बाकं आणि मधोमध एक शिळा. पाद्री मूनचं घर इथं होतं. केंटकीतून नदी ओलांडून पळून आलेल्या गुलामांना तो तळघरात लपवायचा आणि पुढं उत्तरेला धाडायचा. शिळेवर आता पितळी पाटी बसणार होती. तिचा मजकूर लोकांना हरकती घेता याव्यात म्हणून कागदावर छापून तिथं चिकटवला होता. सोमवारी तो पितळेत ओतायला जाणार. शेवटची ओळ अशी: 'पाद्री मून आणि त्यांची एक मोलकरीण (नाव अज्ञात) यांनी दोनशेहून अधिक माणसांना स्वातंत्र्यात पोचवलं.'

ही मोलकरीण म्हणजे माझी खापरपणजी. पाद्रीबुवा वर प्रार्थना करत बसायचे तेव्हा खाली नदीत होडी वल्हवणारी तीच. नाव अज्ञात म्हणे! मला ते नवव्या वर्षापासून ठाऊक आहे.

ती स्वतःच पळून आलेली. मालक नदीच्या पलीकडेच राहायचा आणि त्याची माणसं गावात चौकशीला यायची, हातात कागद आणि जिभेवर साखर. म्हणून घरात ठरलं की तिचं खरं नाव उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. पुढं गुलामी संपली, ती वारली, मालकाचं घराणंही धुळीला मिळालं, पण नियम तेवढा राहिला. दर एक ऑगस्टला, मुक्तीच्या सणाला, आमच्याकडे कोंबडी तळतात, सगळ्या खिडक्या लावतात आणि घरातलं थोरलं माणूस सर्वांत धाकट्याच्या कानात ते नाव सांगतं. ऑगस्टच्या उकाड्यात खिडक्या बंद! जीव नकोसा होतो, पण आजवर कुणी खिडकी उघडलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर क्विम्बी माझ्या दाराशी आले होते. म्हातारे दंतवैद्य, बाग समितीचे चिटणीस. त्या बाईचं नाव तुमच्या घरात कुणाला माहीत आहे का, असं त्यांनी अगदी अदबीनं विचारलं. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी. बर्फात, पुरात कधी डगमगले नाही. पण दारात कागद घेऊन उभा असलेला परका माणूस पाहिला आणि तोंडातून निघून गेलं, "नाही माहीत." तसं लिहून खाली सहीसुद्धा केली. तिला अज्ञात केलं ते दुसऱ्या कुणी नाही, मी केलं. तेव्हापासून ही गोष्ट मला खात होती.

डॉक्टर मधल्या बाकावर वही उघडून बसले होते.

"या, व्हर्डेलबाई. आर्झुलाबाई, दात काय म्हणतात?"

"तुम्ही ठेवलेत तेवढे बरे आहेत," आत्या म्हणाली.

"डॉक्टर, ती शेवटची ओळ चूक आहे," मी म्हटलं. "ती मोलकरीण नव्हती. आणि तिला नाव आहे."

आत्यानं माझं मनगट धरलं. एक्याण्णव वर्षांच्या बाईच्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटत नाही. "गप बस. ते घरातलं आहे."

"घरात आता उरलंय कोण, आत्या? तू नि मी. तुझ्यामागं ऑगस्टला मी कुणाच्या कानात सांगू? मांजराच्या?"

"मांजर तोंडाचं घट्ट तरी असतं."

मला हसू आलं. मी मनगट सोडवून घेतलं. "केझाया," मी म्हटलं. "केझाया टिब्ज. लिहा, डॉक्टर."

डॉक्टरांनी लिहिलं नाही. फायलीतून एक कागद काढून माझ्यापुढं धरला. माझंच अक्षर होतं. "वाईट वाटून घेऊ नका. पण समिती मला विचारणार, तेव्हाचं खरं की आत्ताचं?"

"तेव्हाचं खोटं होतं."

"अहो, असं कसं लिहू मी?"

"असंच लिहा. व्हर्डेल टिब्ज खोटं बोलली. मी सही करते."

त्यांनी लिहिलं आणि मी सही केली. चर्चमध्ये रविवारी पोरांना खरं बोलायला शिकवते मी. उद्या गावभर होईल. होऊ दे.

"आण इकडं," आत्या म्हणाली. मला वाटलं, आता ही वही फाडते. पण तिनं पेन मागितलं. "ही खोटं बोलली कारण मी शिकवलं. मला माझ्या आईनं शिकवलं. तेही लिहा."

डॉक्टरांनी तेही लिहिलं. तिची सही व्हायला बराच वेळ लागला. तोवर डॉक्टर तिच्या गुडघ्यांवर वही दोन्ही हातांनी धरून वाकून उभे होते.

"उद्या बैठक आहे," ते म्हणाले. "हो म्हणतील असा शब्द देत नाही."

"नाही म्हणाले तर पुढच्या बैठकीला येईन. त्याच्या पुढच्याही."

"ते ठाऊक आहे मला," असं म्हणून त्यांनी वही मिटली.

आम्ही निघालो. फाटकापाशी आत्या म्हणाली, "थांब जरा. वळव मला."

मी खुर्ची शिळेकडे वळवली.

"केझाया," ती पुटपुटली. मग एकदम मोठ्यानं, चर्चमध्ये गाते त्या आवाजात, "केझाया!" पलीकडच्या बाकावर सँडविच खाणारी एक बाई दचकून बघायला लागली.

मग आत्यानं मान वळवली आणि नदीकडून वर येणाऱ्या रस्त्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली, कुणी हातात कागद घेऊन येतंय का ते.