चंपेला चालेल असा कुत्रा

लग्नाची मुलगी बघावी तसा देवेश पालव कुत्रे बघत होता. रंग, उंची, घराणं, शिक्षण. रोज संध्याकाळी मोबाइल पुढे करून तो बायकोला नवं स्थळ दाखवायचा.

"हा बघ. अंधेरीचा लॅब्रडॉर. मालक परदेशी चाललेत. बस म्हटलं की बसतो, हात मागितला की पाय देतो. झकास आहे ना?"

"आणि कोंबडी दिसली की काय करतो?" वसुधा विचारायची.

याचं उत्तर कुठल्याच स्थळाकडे नव्हतं. आणि पालवांच्या घरात तोच प्रश्न कळीचा होता.

मुलुंड कॉलनीत, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं बैठं घर. पुढे लहानसं अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात आंबा आणि आंब्याखाली एक काळा दगड. हा राखणदार, जागा राखणारा देव. वसुधाचे सासरे, सीतारामबाबा, गिरणी बंद पडल्यावर परळ सोडून इथे आले, तेव्हा गावच्या शेताला राखणदार असतो तर इथल्या अंगणाला का नको, म्हणून त्यांनीच तो मांडला होता. वर्षातून एकदा त्याला राखण म्हणून कोंबडा द्यायचा, हात जोडून देवाला गाऱ्हाणं घालायचं, आणि मग त्याच कोंबड्याच्या रश्शात वडे बुडवून खायचे. देव खूश, पालव खूश.

मागल्या खेपेला मात्र घोटाळा झाला. बाबांनी बाजारातून कोंबडा म्हणून पिल्लू आणलं, दाणे घालून वाढवलं, आणि ऐन राखणीच्या सकाळी त्या कोंबड्याने टोपलीत अंडं घातलं. देवेश पोट धरून हसला. बाबा हसले नाहीत. राखणदाराला कोंबडाच लागतो, कोंबडी चालत नाही. राखण चुकली ती चुकलीच. कोंबडा आणि कोंबडी यांत फसलेला मालवणी माणूस! खरं तर तिथेच सगळ्यांनी ओळखायला हवं होतं, पण तेव्हा ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पुढे बाबांची आठवण भराभर गळत गेली. मुलाला ते मास्तर म्हणू लागले. ज्या सुनेने गेली कित्येक वर्षं त्यांचा चहा त्यांना हवा तस्सा केला, तिला ते नर्सबाई म्हणू लागले. ओळखायचे ते फक्त त्या कोंबडीला. तिचं नाव त्यांनी ठेवलं चंपा. चंपा मांडीवर असली की ते जेवायचे, नसली की ताट सरकवून द्यायचे. घरात एक काणा बोकाही होता, फौजदार नावाचा. तो सगळ्यांवर नाक मुरडून असायचा, पण चंपेशी त्याचा जुना तह झालेला होता.

हे सगळं निभावलं असतं. पण बाबा घराबाहेर पडायला लागले.

"राखणदार खंय गेलो, बघून येतंय," म्हणायचे आणि चालू लागायचे. राखण चुकली म्हणून तो रागावून निघून गेलाय, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. फाटकाला कुलूप घातलं, तर हाताची सालं निघेपर्यंत फाटक हलवत राहिले. वसुधालाच ते बघवेना, आणि तिनेच कुलूप काढलं. मग एकदा ते रेल्वेच्या पुलाखाली सापडले, एकदा भर रस्त्यात, दोन बसच्या मधोमध उभे.

त्या दिवशी देवेश घरी येऊन नुसता भिंतीला टेकून बसला. "वसू, कर्जतला एक वृद्धाश्रम आहे. मी बोलून ठेवलंय. मला हौस नाही गं, पण एक दिवस ते गाडीखाली येतील."

"तिथे चंपा चालेल?"

"कोंबडी? तिथे? काहीतरीच काय यार!"

"मग जेवतील कसे?" वसुधा म्हणाली. "त्यापेक्षा एक कुत्रा आणू. त्यांच्या मागे जाईल, भुंकेल, आपल्याला कळेल तरी."

"ठीक आहे. पण हा शेवटचा उपाय. नाही जमलं तर कर्जत."

म्हणून हा बघण्याचा कार्यक्रम.

अंधेरीचा लॅब्रडॉर रविवारी आला. काय त्याचं रूप, काय ती चाल! बस म्हटलं, बसला. हात मागितला, पाय दिला. देवेशच्या चेहऱ्यावर वरपित्याचं समाधान पसरलं. तेवढ्यात चंपा पंख फडफडवत ओट्यावरून खाली उतरली, आणि त्या उच्चशिक्षित कुत्र्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत तिला शेपटीला धरलं. बिचाऱ्याला खेळायचंच होतं. पण चंपेची शेपटी त्याच्या तोंडात राहिली, फौजदार आंब्याच्या शेंड्याला गेला, आणि बाबा थरथरत असे ओरडले की शेजारच्या विमलामावशी हातातली कणीक तशीच घेऊन धावत आल्या. पुढे कितीतरी दिवस बाबांना भात भरवावा लागला.

"वाट लागली," देवेश म्हणाला. मोबाइलमध्ये तो आता कुत्रे बघत नव्हता, कर्जतचे फोटो बघत होता.

वसुधाने मात्र हट्ट सोडला नाही. तिच्या ऑफिसातली अक्षता बेघर कुत्र्यांना घरं शोधून द्यायची. तिला तिने सगळं सांगितलं.

 अक्षता म्हणाली, "काकी, एक कुत्री आहे साकीनाक्याला. पण आधीच सांगते, ती चिकनच्या दुकानापाशी वाढलीय. दुकानातली पोरं तिला टंगडी म्हणतात."

"अगं, मी कोंबडीसाठी कुत्रा शोधतेय, कोंबडीवर सोडायला नाही!"

"तेच ना. तिला जिवंत कोंबडीचं नवलच नाही. जन्मभर पिंजऱ्यांना टेकून झोपलीय. दिलेलं खाते, फडफडणाऱ्याकडे बघतसुद्धा नाही. आता दुकान बंद झालंय, आणि ती बंद शटरपुढे बसून असते. मी खात्री नाही देत हं, काकी. बघा आणून."

टंगडी आली. तपकिरी, पोक्त, एका कानाचा तुकडा उडालेला. घराणं, शिक्षण, रूप, तिन्हींच्या नावाने शून्य. देवेशने कपाळाला हात लावला. वसुधाने दोरी मनगटाला गुंडाळून घेतली आणि श्वास रोखून चंपेला सोडलं.

टंगडीने चंपेकडे एकदा पाहिलं, मोठी जांभई दिली, मान दुसरीकडे वळवली आणि धुळीत अंग टाकलं. फौजदाराने आंब्यावरून खाली उतरून, फौजदारच तो, तिच्या नाकावर एक ठेवून दिली. टंगडीने नाक पंजाखाली घेतलं, बस. आणि बुडखी शेपटी हलवत चंपा तिच्या पाठीला घासून दाणे टिपत गेली.

 तरीही वसुधाचा विश्वास बसेना. शेपटी उपटलेली तिने डोळ्यांनी बघितली होती. त्यामुळे टंगडी राहिली ती दोरीला बांधून, आणि चंपा टोपलीखाली, टोपलीवर पाटा. बाबा टंगडीकडे ढुंकूनही बघत नव्हते. ते तासन् तास त्या काळ्या दगडाकडे बघायचे.

एका दुपारी रजेवर असलेली वसुधा मागल्या दारी कपडे वाळत घालून पुढे आली, तर फाटक सताड उघडं. पाटा बाजूला, टोपली उलटी. बाबा नाहीत. चंपा नाही. खुंट्याला दोरी होती, पण नुसती, चावून तोडलेली.

 अनवाणीच ती धावत सुटली. कोपऱ्यावर मातीत एक पीस पडलेलं दिसलं. गेली चंपा. आता बाबाही गेले, एक तर गाडीखाली, नाहीतर कर्जतला. आणि हे सगळं आपण केलं, चिकनच्या दुकानातली कुत्री घरात आणून आपण केलं. ती रडत नव्हती, नुसती धावत होती.

नाक्यावर काही गाड्या थांबल्या होत्या. हॉर्न वाजत होते. एक रिक्षावाला रिक्षेतून उतरून उभा होता. तो म्हणाला, "ताई, आजोबा तुमचे का? बघा तरी काय चाललंय ते!"

बाबा रस्त्याच्या कडेला उभे होते. काखेत चंपा, धडधाकट, मान इकडे-तिकडे करत. आणि त्यांच्यापुढे, गुडघ्यांना अंग लावून, आडवी उभी टंगडी. बाबांनी डावीकडून पाऊल टाकलं की ती डावीकडे सरकायची. उजवीकडून टाकलं की उजवीकडे. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही, दात तर नाहीच. एक बस तिच्या शेपटीला घासून गेल्यासारखी गेली, ती हलली नाही. तिला हे कुणी शिकवलं होतं? कुणी नाही. घरात येऊन धड आठवडाही झाला नव्हता, पोटभर दोन शब्द तिच्याशी कुणी बोललं नव्हतं, आणि ती त्या म्हाताऱ्या माणसाच्या आणि मरणाच्या मधे उभी होती. हॉर्न वाजवणारे एकेक करून थांबले. भर दुपारी त्या नाक्यावर देवळात असते तशी शांतता झाली, आणि वसुधाचे हात आपोआप जोडले गेले.

मग चंपा काखेतून निसटून खाली उतरली. समोर चाकं, पाय, धूळ. ती सरळ टंगडीच्या पोटाखाली जाऊन उभी राहिली.

बाबा खाली वाकले. पहिल्यांदाच त्यांनी टंगडीकडे नीट पाहिलं, तिच्या तुटक्या कानाला हात लावला.

"इलो," ते हळूच म्हणाले. "राखणदार इलो."

घरी परतताना टंगडी पुढे, मधे बाबा, मागे चंपा आणि सगळ्यांत शेवटी अनवाणी वसुधा. फाटकाशी देवेश उभा होता. विमलामावशींनी त्याला फोन केला होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो काही बोलणार, तोच बाबा त्याला ओलांडून आंब्याखाली गेले, दगडासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

आवाज जुना होता, गिरणीच्या भोंग्यावर मात करणारा. गाऱ्हाणं एकट्याने घालायचं नसतं, मागच्यांनी होकार द्यावा लागतो. देवेश नुसता बघत राहिला. वसुधाने त्याला कोपराने ढोसलं.

"व्हय म्हाराजा," तो कसाबसा म्हणाला.

"राखण चुकली, म्हाराजा. कोंबो म्हणान कोंबडी हाडलंय. तरी तू रुसलंस नाय, परत इलंस. चुकला-माकला पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हो माजो झील देवेश. तेच्या कामाधंद्याक यश दी, तेची काळजी दूर कर, म्हाराजा!"

या वेळी होकार आला नाही. देवेश तोंडावर हात धरून उभा होता. होकार वसुधाने दिला.

बाबा जरा थांबले. वसुधाला वाटलं, संपलं, विसरले. टंगडी दगडाशेजारी अंग टाकून बसली होती, चंपा तिच्या पाठीवर चढायच्या खटपटीत होती. बाबांनी मान वळवून सुनेच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"आणि ही माजी सून, वसुधा," ते म्हणाले. "हिना माका सांबाळल्यान. हिका सुखी ठेव, म्हाराजा."

 बाबा हात जोडून वाट बघत राहिले. होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, आणि हा होकार वसुधा स्वतः देऊ शकत नव्हती. देवेशने डोळे पुसले, पुढे येऊन बापाच्या शेजारी उभा राहिला आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं ओरडला, "व्हय म्हाराजा!"