परसोंचं चाक

निवृत्त झालो आणि हात रिकामे पडले. चिकलठाण्याच्या कारखान्यात उभी हयात लेथवर गेली; घरी बसून पेपर वाचायचा म्हणजे मला शिक्षाच. म्हणून मागच्या अंगणात पत्रे टाकून घेतले, एक दणकट टेबल मांडलं आणि ठरवलं की आता अडकित्ते करायचे. आमच्या करमाडला पूर्वी मिळायचे तसे, सुपारीवर दाबला की कट् असा एकच आवाज करणारे. त्यासाठी टेबलावर बसवायचं ग्राइंडर हवं होतं, आणि तेही जुनं. नवी यंत्रं मला आवडत नाहीत. चालू केली की ओरडतात आणि बंद केली की लगेच रुसल्यासारखी गप्प होतात.

"घरातला मिक्सर कवाचा बंद पडलाय, त्यो नाय दिसत," आमच्या आशाबाई म्हणाल्या. "अन् ह्ये चालले ग्राइंडर आणाया!"

बायको बरोबर बोलली की मला राग येतो. मी तसाच निघालो.

शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत, गयासचं जुन्या यंत्रांचं दुकान आहे. वर पाटी अजून त्याच्या वडिलांच्या नावाची, मोहियोद्दीन. पुढं दुकान, मधे पडदा, पडद्यामागं घर. गयास चाळिशीचा, बोलायला गोड. त्यानं फळीवर दोन ग्राइंडर मांडली होती. एक राखाडी, आपल्याकडच्याच बनावटीचं, तसं धडधाकट. दुसरं हिरवं, बिडाचं, अंगानं भरलेलं. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर कुठलासा कारखाना मोडीत निघाला तेव्हा या घरात आलेलं. त्याचा रंग डाव्या बाजूला पार उडाला होता. कुणाचा तरी हात वर्षानुवर्षं तिथं टेकला असणार.

राखाडी चालू केलं, तर फळीवरच्या माझ्या कपात चहा थरथरायला लागला. मग गयासनं हिरवं चालू केलं आणि मला वाटलं, वीज गेली. आवाजच नाही. कपातला चहा जागचा हलला नाही. त्यानं बटण बंद केलं तरी चाक थांबेना. आम्ही चहा प्यायलो, कप खाली ठेवले, एक गिऱ्हाईक येऊन नट-बोल्टांची चौकशी करून गेलं, तरी ते आपलं फिरतंच. बघता बघता चाकाची कडा दिसेनाशी झाली आणि बाजाराचा गोंगाट कुठंतरी लांब गेला. मी कुठं बसलोय तेही विसरलो. मला ते यंत्र हवंसं झालं, अगदी लहान पोराला हवं व्हावं तसं.

"सोला आने माल है काका," गयास म्हणाला. "अब्बा परसों तक इसीच पे बैठते थे. न्हाव्यांचे वस्तरे, शिंप्यांच्या कात्र्या, सगळं यावरच."

तेवढ्यात पडद्यामागून कुणीतरी खोकलं.

परसों म्हणजे परवा, एवढं हिंदी मलाही येतं. परवापर्यंत बाप यावर बसत होता. आज पडद्याआड खोकत पडलाय, आणि पोरगं त्याच्या हाताखालचं यंत्र विकायला काढतंय! माझं डोकं असं तापलं की तोंड उघडलं असतं तर भांडणच झालं असतं. मी चपला घातल्या.

"काका, भाव तो सुनो!" गयास मागून ओरडत राहिला.

घरी आलो आणि जाहीर केलं की राखाडी घेणार, विषय संपला. पण विषय संपेना. दुपारी डोळा लागला की ते हिरवं ग्राइंडर समोर यायचं. कधी ते आमच्या करमाडच्या विहिरीच्या काठावर असायचं, कधी कारखान्याच्या रिकाम्या शेडमध्ये. सगळीकडं ऊन पडलेलं, माणूस एकही नाही, आणि चाक आवाज न करता फिरतंय. त्याच्यावर टेकलेला एक हात दिसायचा, बाकी माणूस दिसायचा नाही. जाग आली की मला उगाच हुरहूर लागायची.

अखेर आशाबाईंना सगळं सांगितलं.

"मग त्या म्हाताऱ्यालाच इचारा की," त्या म्हणाल्या. "हव म्हनला तर घ्या, नाय म्हनला तर सोडा. अन् आजारी मानसाकडं रिकाम्या हातानं जाऊ नका."

मी मोसंबी घेऊन गेलो. गयास नमाजाला गेला होता. पडद्यामागून आवाज आला, "कौन?"

"मी बद्रीनाथ, करमाडचा. मोहियोद्दीन मियाँची तब्येत बघाया आलो."

पडदा सरला. पांढरी ओढणी घेतलेली एक म्हातारी बाई बाहेर आली. गयासची आई, नजमुन्निसा आपा. तिनं मला बसायला स्टूल दिलं, मोसंब्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"किसकी तबियत, भाऊ?"

"तुमच्या मालकांची. गयासच म्हनला, परसोंपर्यंत मशीनवर बसत हुते."

ती आधी हसली. हसता हसता तिला खोकला आला, आणि मग तिनं ओढणीनं डोळे पुसले. "अहो भाऊ, आमच्या बोलीत गेलेला कुठलाबी दिवस परसोंच असतो. मेरी शादी बी परसों, अन् पिछली ईद बी परसों. गयासचे अब्बा गेले तवा ह्यो शाळेत जात होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिवंत समजून मेलेल्या माणसाला मी फळं घेऊन आलो होतो, आणि त्याच्या पोराला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. मी हात जोडले. "आपा, चुकलो. तुमच्या मनात नसंल तर मी राखाडीच नेतो."

"नक्को," ती म्हणाली. "मीच सांगितलं गयासला, दे कुनाला तरी." थोडा वेळ ती हिरव्या ग्राइंडरकडं बघत राहिली. "ते दुपारी मशीन बंद करून आत यायचे. हात धुवायचे, जेवाया दस्तरखानवर बसायचे, तरी हे फिरत राहायचं. मेरेकू अंदर से सुनाई देता था."

"ह्याला तर आवाजच नाय, आपा."

"तुमाला नाय. मला हाय." तिनं पडदा मुठीत धरला. "त्या दिवशी बी बंद करून आले. पानी मांगा. मी पेला घेऊन आले तोवर ते गेले होते, भाऊ. अन् बाहेर हे फिरतच होतं. मी पेला हातात घेऊन ऐकत उभी राहिले. मग थांबलं. तवापासून पडदा उघडला की हे थांबलेलं दिसतं. आता नाय बघवत."

गयास नमाजाहून परतला. तिनं त्याला खुणेनं वायर जोडायला सांगितली आणि मला म्हणाली, "एक बार चालू करा. बंद बी तुमीच करा."

मी उठलो. माझा हात आपोआप त्या रंग उडालेल्या जागी गेला. चाक फिरायला लागलं. दुकानाच्या पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप पडली होती, तिच्यात बारीक धूळ वर चढत होती. आपा डोळे मिटून पडद्याशी उभी होती. मी बटण बंद केलं.

"हाथ धो लो," ती हळूच म्हणाली. "खाना लगाती हूँ."

माझ्याशी नव्हे, गयासशीही नव्हे. आणि ती वळून आत गेली. पडदा पडला, आतून ताटल्यांचा आवाज यायला लागला.

गयासनं वायर काढली आणि चाक थांबवायला लाकडाचा तुकडा उचलला. मी त्याचं मनगट धरलं. "हात लावू नको त्याला. खालून धर. उचल."

"फिरतंय, काका."

"म्हनूनच म्हनतो. हितं थांबाया नको त्ये. उचल लवकर!"

आम्ही दोघांनी ते फिरतं ग्राइंडर उचललं. वजन तर होतंच, शिवाय वळवायला गेलं की ते हातात अडायचं, आपण न्यावं त्या बाजूला यायचंच नाही. मला धाप लागली. उंबरा ओलांडला, पायऱ्या उतरलो, गल्लीतल्या सायकली चुकवल्या. गयास रडत होता आणि पाऊल मात्र माझ्याबरोबर टाकत होता. गल्ली वळून आम्ही मनोऱ्याच्या सावलीत आलो, तेव्हा ते थांबलं. तिथून त्यांचं घर दिसत नव्हतं.