पडवीवरचा झोत

“पुन्हा म्हण,” हॅल म्हणाला आणि नेहमीसारखा खोकला.

व्हर्नाने ओठांवरची लाली रुमालाने पुसून काढली. विधवेला ती शोभत नाही, हे त्यानेच सुनावलं होतं.

“मला गाडीचा आवाज आला. मी खिडकीशी गेले. गाडीच्या दिव्यांचा झोत पडवीवर पडला आणि त्यात तो दिसला. उंच, अनोळखी, गालावर व्रण.”

“‘झोत’ म्हटल्यावर जरा थांब. मग चेहरा.”

“हे काय शूटिंग आहे?”

“शूटिंगला चुकलीस तर दुसरा टेक मिळतो, राणी. इथे चुकलीस तर तुरुंगातली ती खोली आणि विषारी वायू.”

हॅल ड्रकर चित्रपट लिहायचा. व्हर्नाने पडद्यावर केलेले सगळे दगे त्याच्याच लेखणीतले. परवा रात्री मात्र त्याने खरी गोळी घातली, तिच्या नवऱ्याला, रॉयला. पडवीचं दार तिने उघडं ठेवलं होतं. प्रेम त्या रात्रीच ओसरलं. आता एका खोलीत बसायचं म्हटलं तरी दोघांच्या अंगाचा तिळपापड होत होता.

सूर्य समुद्रावर टेकला. पोलीस यायची वेळ झाली. व्हर्ना सवयीने उठली आणि खिडकीचा काळा पडदा सोडू लागली. युद्ध सुरू झाल्यापासून या किनाऱ्यावर उजेडाची तिरीपही बाहेर दिसता कामा नये, असा हुकूम होता. जपानी पाणबुड्यांची धास्ती.

दोरीवर तिचा हात थबकला.

पुलापासून पुढे गाड्यांनाही दिव्यांची बंदी होती. रॉय रोज त्यावरून शिव्या हासडायचा. आणि परवा हॅलच म्हणाला होता, “पुलापासून दिवे विझवून चाचपडत आलो.”

मग झोत आला कुठून?

ती हे सांगणार आणि पहिल्याच मिनिटाला खोटारडी ठरणार. मग तिने हॅलचं नाव घेतलं तरी कोण ऐकणार? मूर्खपणा असता तर तिने त्याला माफ केलं असतं. पण हॅल मूर्ख नव्हता. तो केसाने गळा कापणारा माणूस होता, हे तिला ठाऊक होतं. गळा आपला असेल, एवढंच तिच्या मनात आलं नव्हतं.

“काय झालं?”

“दोरी अडकली.” तिने पडदा पूर्ण खाली सोडला.

डिटेक्टिव्ह प्रूइट आला, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. हॅल घरचा जुना स्नेही म्हणून तिच्या शेजारी बसला, खांद्यावर हात ठेवून.

“बाई, आठवतंय तेवढंच सांगा.”

“मला गाडीचा आवाज आला. मी खिडकीशी गेले.” व्हर्ना थांबली.

“मग?”

“मग काय दिसणार, साहेब? इथे दिव्यांना बंदी. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार.”

खांद्यावरची बोटं रुतली.

“म्हणजे चेहरा पाहिलाच नाही?”

“नाही. पण गोळी घालण्याआधी तो खोकला.”

प्रूइटने मान वर केली. हॅलचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळ्यांत पाणी तरारलं होतं. तो श्वास कोंडून बसला होता.

व्हर्नाने सिगारेटची डबी उघडून त्याच्यापुढे धरली.

“घे ना, हॅल,” ती मायेने म्हणाली.