डोक्यावर चढवलेली चाळण

मित्रांनो, मी एक जुनी चाळण आहे. भाज्या धुऊन निथळायची, दोन कानांची, तीन पायांची, ॲल्युमिनियमची साधी चाळण. हे आधीच ठणकावून सांगते, कारण मध्यंतरी अडीच महिने चांगली शहाणीसुरती माणसं मला ‘ऊर्जामुकुट’ म्हणत होती. तेव्हा मला बोलता आलं असतं, तर मी सगळ्यांना खडसावलं असतं. पण भांड्याचे कान नुसते धरायला असतात आणि तोंड नुसतं ओतायला. सगळं ऐकायचं आणि गप्प बसायचं, हेच आमच्या नशिबी.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. एक गोल पत्रा साच्यात दाबला, तो खोलगट झाला, मग त्याला भोकं पाडणाऱ्या यंत्राखाली सरकवलं. एकशे ब्याऐंशी भोकं पडली. तुम्ही एक इंजेक्शन घेताना सगळं घर गोळा करता, म्हणून मुद्दाम आकडा सांगितला. काकूंनी नवा संसार मांडला त्याच आठवड्यात त्यांनी मला दुकानातून उचललं आणि मोरीच्या डाव्या हाताला एका खिळ्यावर टांगलं. त्यांचे यजमान वायंडर होते, म्हणजे जळलेल्या पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारी उघडून त्यात तांब्याची नवी तार भरणारे. सगळी गल्ली त्यांना वायंडरकाका म्हणायची, म्हणून या आपोआप काकू झाल्या.

सव्वीस वर्षं मी त्या खिळ्यावर काढली. मला बढाई मारायची सवय नाही, पण माझ्यासारखं निथळणं त्या गल्लीत कुणाला जमत नव्हतं. शेजारीण मला मागून न्यायची, तर काकू दारापर्यंत मागे जाऊन सांगायच्या, “परत आणून द्या हं, दुसरीत तसं पाणी उतरत नाही.” काम करता करता त्या न बघता डावीकडे हात करायच्या आणि मी बरोबर त्यांच्या हातात यायचे.

गेल्या वर्षी तो हात चुकायला लागला. एकदा भिंतीवर आपटला, एकदा शेजारच्या झाऱ्यावर पडला आणि तिसऱ्यांदा मी खाली कोसळले. माझ्या एका पायाला पोचा आला तो तेव्हाचा. “हल्ली मी अगदी वेंधळी झालेय,” असं म्हणून काकू स्वतःशीच हसल्या. त्याच सुमारास त्यांचं डोकं दुखायला लागलं. दिवेलागणीला डाव्या भुवईच्या वर कळ यायची. मग त्या गॅस बंद करून, मोरीला टेकून उभ्या राहायच्या.

“अहो, डोकं फार दुखतंय,” त्या म्हणायच्या.

“पाणी पी,” घरापुढच्या दुकानातून काका म्हणायचे.

“दिव्याकडे बघवत नाही. सगळं धुरकट दिसतं.”

“अगं, चष्मा पूस मग!”

काका वाईट नव्हते हो! चाळीस वर्षं दुकानात ठोकाठोक ऐकून त्यांना घरातल्या आवाजाकडे कानाडोळा करायची सवय लागली होती, एवढंच. पण माझा जीव नुसता चडफडायचा. त्या बाईंनी महिन्याभरात निदान पंधरा वेळा तेच सांगितलं आणि पंधरा वेळा तेच उत्तर मिळालं. मग त्यांनी सांगणंच सोडून दिलं.

अशात शेजारीण त्यांना एका ध्यानवर्गाला घेऊन गेली. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. तिथे पडदे ओढून, मधोमध एक दिवा लावून, वीस-पंचवीस बायका सतरंजीवर बसायच्या. वर्ग घेणाऱ्या बाईंना सगळे ऊर्जाताई म्हणत. त्यांच्याकडे एक पुस्तक होतं. त्यात डोक्यावर घालायचा मुकुट घरच्या घरी कसा करायचा, ते चित्रासकट दिलं होतं. धातूचं खोलगट भांडं घ्या, त्याभोवती तांब्याची अखंड तार गुंडाळा, तिची दोन्ही टोकं जोडा, अकरा खडे बसवा. खाली जाड अक्षरात लिहिलं होतं की वर्तुळ बंद झालं नाही, तर ऊर्जा वाहणार नाही.

“अहो, आयुष्यभर लोकांच्या मोटारींना तारा गुंडाळल्यात,” काकू म्हणाल्या. “माझ्या डोक्यासाठी एवढं करा की.”

“मोटारीला वीज लागते गं. डोक्याला कसली तार?”

“करणार आहात की नाही?”

काकांनी सुस्कारा सोडला आणि हत्यारांची पेटी काढली. मित्रांनो, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला एक सकाळ लागली असती. मला मुकुट करायला चार दिवस लागले. आजार म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हेच. आणि त्या म्हणीतली पखाल म्हणजे मी!

घरातल्या सगळ्या भांड्यांत काकूंच्या डोक्याला मीच बरोबर बसले, त्यामुळे माझीच निवड झाली. मला उपडं केलं. माझे तिन्ही पाय शिंगांसारखे वर आले. आत जुन्या उशीचा स्पंज चिकटवला. प्रत्येक पायावर एक खडा बसवला आणि उरलेले आठ खडे माझ्या आठ भोकांत चिकट लुकण भरून दाबले. भोक हे चाळणीचं सर्वस्व. ते बुजवताना कुणी विचारलंसुद्धा नाही.

तार मात्र काकांनी सुरेख गुंडाळली, हे कबूल करायला हवं. वेढ्याला वेढा चिकटून, कुठे फट नाही, कुठे चढ नाही. ती बोटं फिरत असताना मी क्षणभर राग विसरले. पण शेवटी टोकं जोडायची वेळ आली आणि काका कंटाळले. या तारेवर लाखेसारखा पातळ, पारदर्शक थर असतो. तो पात्याने खरवडल्याशिवाय तांब्याला तांबं लागत नाही. शिकाऊ माणसालासुद्धा पहिल्या दिवशी हे शिकवतात. काका पुटपुटले, “हे कुठे चालवायचंय!” आणि न खरवडताच दोन्ही टोकांना पीळ दिला. वरून नळी सरकवली. एरवी मोटार झाली की ते टेस्ट लॅम्प लावायचे. त्याच्या दोन वायरी दोन बाजूंना टेकवायच्या. दिवा लागला की जोडणी पक्की, नाही लागला की काम परत. ती खात्री केल्याशिवाय एक मोटार कधी दुकानाबाहेर गेली नव्हती. मला मात्र त्यांनी तसंच काकूंच्या हाती दिलं.

वर्गात काकूंनी मला डोक्यावर चढवलं. मला इतकं ओशाळं वाटलं की काय सांगू! समोर दिवा, आजूबाजूला मिटल्या डोळ्यांच्या बायका, आणि वर पाय केलेली मी. तिसऱ्या दिवशी काकूंनी डोळे उघडले आणि हळूच म्हणाल्या, “ताई, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात.”

“तेजोवलय!” ऊर्जाताईंनी हात जोडले. “बघा, यांचं द्वार उघडलं! मी कधीची सांगत होते ना?”

“पण डोकं जास्तच दुखतंय हो.”

“दुखणारच. जुना गाळ बाहेर पडतोय.”

गाळ म्हणे! सव्वीस वर्षं मी गाळ बाजूला काढला, मला नका शिकवू. पण काकूंचा चेहरा बघून माझा राग अर्धा उतरायचा. सगळ्या बायका त्यांच्याभोवती जमायच्या, काय दिसलं ते विचारायच्या आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या. घरी त्यांचं एक वाक्य कुणी पुरं ऐकत नव्हतं. त्या कड्यांपायी त्या डोकेदुखी सोसत राहिल्या. मला मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं जाऊ लागलं आणि माझ्या खिळ्यावर प्लॅस्टिकची एक हिरवी चाळण आली. एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता, आणि एवढी निरुपयोगीही मी कधी झाले नव्हते.

कड्यांची कीर्ती पसरली. ऊर्जाताईंनी निरोप धाडला की काकांनी तसेच सहा मुकुट करून द्यावेत. एका संध्याकाळी काकांनी नमुना म्हणून मला टेबलावर घेतलं. आता काम बाहेरच्यांचं होतं, त्यामुळे जुनी सवय जागी झाली. त्यांनी माझ्या तारेचा एक वेढा मधोमध कापला आणि टेस्ट लॅम्पच्या दोन वायरी त्या दोन नव्या टोकांना, नीट खरवडून, टेकवल्या.

दिवा लागला नाही.

काकांनी बल्ब पिळून घट्ट केला. वायरी पुन्हा टेकवल्या. तरीही अंधारच. मग त्यांनी जोडावरची नळी काढली आणि माझ्याकडे टक लावून पाहत राहिले.

“खरवडलंच नाही मी,” ते म्हणाले.

काकू दारात हात पुसत उभ्या होत्या. “काय झालं?”

“हे चालूच नाही गं. वर्तुळ जुळलेलंच नाही. तुझ्या त्या पुस्तकाच्या हिशोबानेसुद्धा हे एक दिवस चाललेलं नाही.”

“असं कसं? मला कडी दिसतात की!”

काकांनी मला पुन्हा जवळ ओढलं. त्यांनी पात्याने तो जुना जोड खरवडला, तांबं लालभडक दिसेपर्यंत, पुन्हा पीळ दिला आणि वायरी टेकवल्या. टेस्ट लॅम्प लख्ख पेटला.

“ही बघा!” काकू दारातूनच म्हणाल्या. “याच्याभोवतीपण दिसतात. बाहेर लाल, आत निळं.”

काकांनी दिव्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी टेबलावर होते. काकूंच्या डोक्यावर काहीही नव्हतं.

“हे कधीपासून दिसतंय तुला?” त्यांनी विचारलं. मित्रांनो, हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला.

“वर्गाच्या आधीपासून. स्वयंपाकघरातल्या दिव्याभोवती दिसायची. तुम्हाला सांगितलं होतं ना, दिव्याकडे बघवत नाही म्हणून? तुम्ही म्हणालात, चष्मा पूस.”

काका उठले. पक्कड हातात घेऊन काकूंच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि पक्कड त्यांच्या कानाजवळून हळूहळू पुढे आणू लागले. “समोरच बघ. हे कधी दिसतं ते सांग.”

“काय कधी दिसतं?” काकू म्हणाल्या. पक्कड त्यांच्या गालाच्या पुढे आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच दोघं दाराशी उभी होती. काकांनी मला पिशवीत घालून आणलं होतं. माझ्यामुळे तर काही बिघडलं नाही ना, ही त्यांना भीती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं, थेंब घातले, पुन्हा तपासलं. मग पिशवीतून मला बाहेर काढून त्यांनी मागून-पुढून पाहिलं.

“ही चाळण आहे ना?”

अडीच महिने मी हे एक वाक्य ऐकायला आसुसले होते!

डॉक्टरीणबाईंनी माझ्या बुजलेल्या भोकांवर बोट ठेवलं. “असंच झालंय बघा. डोळ्यातसुद्धा सारखं पाणी तयार होतं आणि निथळून जातं. ती वाट अडली की पाणी तुंबतं, दाब वाढतो, नजर कडेकडेने मरत जाते. डोकं दुखणं, दिव्याभोवती कडी, सगळं त्यानेच. अंधाऱ्या खोलीत बसून ते आणखी वाढलं. डाव्या बाजूचं जे गेलं, ते परत येणार नाही. उरलेलं वाचवू. आणखी दोन महिने गेले असते तर मी हेही म्हणू शकले नसते.”

काकूंनी पदराने डोळे पुसले. काका खुर्चीत वाकून बसले होते. “मोटार जळायच्या आधी वास येतो,” ते म्हणाले. “अख्खी हयात मी त्या वासावर पोट भरलं. घरातला मात्र आला नाही मला.” काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण ‘जाऊ द्या’ असं काही त्या म्हणाल्या नाहीत. मला ते आवडलं.

लेझरने डोळ्यातली वाट मोकळी केली. ऊर्जाताई भेटायला आल्या, तेव्हा त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. “मला स्वतःला कडी कधीच दिसली नाहीत,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला दिसली, तर मला वाटलं, चला, कुणाला तरी दिसली.” आता त्या वर्गात पडदे उघडे ठेवतात आणि नव्या बाईला आधी डोळे तपासून यायला सांगतात. मुकुटांचं नाव कुणी काढत नाही.

काकांनी माझी तार उलगडली, खडे उपटले. आठ भोकांतलं लुकण मात्र निघालं नाही. त्यामुळे आता मी एकशे चौऱ्याहत्तर भोकांची आहे आणि थोडं सावकाश निथळते. हिरवी चाळण शेजारणीला दिली, तरी डावीकडचा माझा जुना खिळा रिकामाच आहे, कारण काकांनी मोरीच्या उजव्या हाताला नवा खिळा ठोकून मला तिथे टांगलं. काकूंना त्या बाजूचं नीट दिसतं.

मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी भांडी जपा, ती ज्या कामाची आहेत त्याच कामाला वापरा, एवढी माझी विनंती आहे. आणि घरातलं माणूस ‘दुखतंय’ म्हणालं, तर त्याच्या हातात भांडं, तार, खडा असलं काही देण्याआधी त्याला विचारा, कुठे दुखतंय आणि कधीपासून. मला सव्वीस वर्षं कान होते, पण विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.

परवा काकूंनी भाजी धुता धुता नुसतं “अहो” म्हटलं. काका हातातली मोटार तशीच टाकून, धडपडत स्वयंपाकघरात आले. “काय होतंय? डोकं दुखतंय का?”

“काही नाही हो,” काकू म्हणाल्या. “हात ओले आहेत. ती चाळण द्या.”