प्रशांतच्या बोटांचा उशीर

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार. चार तारांची, अंगानं जड आणि स्वभावानं जरा कुरकुर करणारी. गिटार म्हटलं की तुम्हाला ती सहा तारांची नटवी आठवते, मला माहीत आहे. माझ्याकडे तुमचं लक्ष जात नाही. मी थांबले की मात्र गाणं पोकळ का वाटतंय म्हणून इकडेतिकडे बघता.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. लाकूड तासल्याचा वास आणि मानेत बसवलेली लोखंडी सळई, एवढंच. नंतर मी सिकंदराबादच्या एका वाद्यांच्या दुकानात काचेमागे उभी होते आणि तिथून प्रशांतनं मला विद्यानगरला आणलं. त्याच्या पणजोबांपासून हे घर हैदराबादचंच, त्यामुळे त्याच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' आपोआप येतात. वीस वर्षं मी त्याच्या गच्चीवरच्या खोलीत राहते. त्याच्या पाच जणांच्या बँडचा सरावही तिथंच चालतो.

आता वाजवण्याबद्दल सांगते, कारण सगळं दुखणं तिथलंच आहे. रॉकमध्ये बास वाजवणारे नाना तऱ्हेचे. कुणी अंगठ्यानं तारेवर थाडथाड मारतो आणि बोटानं तीच तार ओढून सोडतो. असला पाहुणा येऊन गेला की माझं अंग दिवसभर ठणकायचं. कुणी पिक घेतो, म्हणजे प्लॅस्टिकची तिकोनी चकती. तिनं सूर टोकदार निघतो आणि थेट ठोक्यावर पडतो. प्रशांत मात्र तर्जनी आणि मधल्या बोटानं वाजवायचा, आळीपाळीनं, सावकाश चालल्यासारखा. ड्रमचा ठोका पडला की तो केसभर थांबून तार सोडायचा. त्या केसभर उशिरानं गाणं असं काही डुलायचं की विचारू नका. लोक त्यासाठी यायचे. पिकवाल्यांना तो 'घाईवाले' म्हणायचा. मीही त्याच्याबरोबर त्यांना हसायचे.

दोन वर्षांपूर्वी हे बिघडू लागलं. पूर्वीचा उशीर ठरलेला असायचा, प्रत्येक ठोक्याला तेवढाच. आता एका ओळीत तो केसभर, तर पुढच्या ओळीत दुप्पट. त्याची बोटं माझ्या तारा चाचपडू लागली, मग नको तितक्या जोरात ओढू लागली. एकदा तर्जनीचं कातडं फाटून माझ्या जाड तारेला रक्त लागलं. त्याला पत्ताही नाही. चहा घेऊन आलेल्या चारुलतानं, त्याच्या बायकोनं, ते पाहिलं.

"अहो, बोट बघा. दुखत नाही का?"

"लागलं असेल कुठंतरी. जाऊ दे की," म्हणून त्यानं बोट पँटला पुसलं आणि पुन्हा सुरू झाला.

त्याची साखर वाढलेली असते, गोळ्या तो निम्म्या विसरतो, हे सगळ्या घराला ठाऊक. पण बोटांचा आणि साखरेचा संबंध कुणी जोडला नाही. उलट बँडमधले म्हणायचे, वयानुसार प्रशांतची स्टाइल मुरत चालली आहे. बिचारा तोही तेच समजून बसला.

मग गाणी विस्कटली की दोष कुणाचा? ड्रमरचा. प्रथमेश पुण्याहून इथं आयटीत नोकरीला आलेला, तिशीतला, प्रशांतला दादा मानणारा. दर गाण्याला प्रशांत त्याला थांबवायचा. "हल्लू रे, हल्लू. पळून कुठं चाललास?"

"सॉरी दादा. घरी मेट्रोनोम लावून बसतो," प्रथमेश म्हणायचा आणि खरंच त्या टिकटिक ठोके देणाऱ्या यंत्रापुढे बसायचा. पुढच्या सरावाला त्याचा एकही ठोका चुकला नाही, मी साक्षीला होते. तरी प्रशांतनं सगळ्यांदेखत त्याला सांगितलं, "तुझ्या अंगात ताल नाही बाबा. नक्को आता, आम्ही दुसरा बघतो."

मला इतकी शरम वाटली म्हणून सांगू. पण ज्याच्या हातात मी, तो वाजवेल तेच माझ्यातून निघणार. बाकीचे तिघे आपापल्या वायरी गुंडाळत राहिले. प्रथमेशनं काठ्या पिशवीत घातल्या आणि तो जिना उतरून गेला.

सहा महिन्यांनी एका दुपारी केतकी शिकायला आली. ती प्रशांतची विद्यार्थिनी, आणि त्यानं कितीही टोमणे मारले तरी पिकनंच वाजवणारी. सरावाची रेकॉर्डिंगं कॉम्प्युटरवर होती, प्रत्येक वाद्याचं वेगळं. तिनं त्यातला बास बंद केला, नुसता ड्रम लावला आणि मला वाजवलं. बाई गं, किती दिवसांनी मी ठोक्याला धरून वाजले.

"ड्रमवाला चांगला आहे," प्रशांत खुर्चीतून म्हणाला. "कोण आहे?"

"प्रथमेशदादा. तुम्ही त्याला काढलंत, त्याच दिवसाचं आहे हे."

"पिकनं काय, काहीपण जुळतं."

केतकी वाद घालत बसली नाही; शिकवताना त्याची बोटं तारा चाचपडतात हे तिनं पाहिलं होतं. तिनं मला त्याच्या मांडीवर ठेवलं. "काका, डोळे मिटा." मग त्याचं तर्जनीचं टोक तिनं माझ्या सगळ्यात बारीक तारेवर टेकवलं. "ही कुठली तार?"

"जाड," तो म्हणाला.

तिनं बोट दुसऱ्या तारेवर नेलं. तो पुन्हा जाडच म्हणाला. तिसऱ्यांदा त्यानं डोळे उघडले. तो आपल्या बोटाकडे बघत राहिला. माझ्या जाड आणि बारीक तारेतला फरक, मित्रांनो, लहान पोरालाही कळतो.

डॉक्टर म्हणाले, मनगटातली नस दाबली गेली आहे आणि साखरेनं त्यात भर घातली आहे. ऑपरेशन करू, पण लवकर आला असतात तर बरं झालं असतं. घरी आल्यावर प्रशांतनं प्रथमेशला फोन लावला आणि माझ्याशेजारी बसून बोलला. "तू पळत नव्हतास रे. मी मागं पडत होतो. माफ कर मला, आणि परत ये."

पलीकडून प्रथमेश म्हणाला, "दादा, मी ड्रम देऊन टाकले. मला खरंच वाटलं, माझ्यात ताल नाही. आता काठी हातातच घेत नाही."

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वाद्यानं शेवटी सांगायचं असतं की तारा पुसा, उन्हात ठेवू नका. ते कराच. पण आपलं माणूस अडखळताना दिसलं तर त्याची स्टाइल म्हणून मान डोलवू नका, त्याला हाताला धरून विचारा. आणि त्याची चूक दुसऱ्याच्या माथी जात असेल तर तिथल्या तिथं बोला. मी त्या दिवशी बोलू शकले नाही, कारण मला तोंड नाही. खोलीतल्या बाकी तिघांना होतं.