वर्षालीने न मारलेला गोल

मी रापणीच्या जाळ्याचा एक तुकडा बोलतोय. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर सुरूच्या दोन वाशांना बांधलेला दिसतोय ना, तोच मी. माझी भोकं मोजू नका. वयाला शोभतील इतकीच आहेत.

मला शंकरने विणलं. आमचं लांबलचक जाळं होडीतून समुद्रात अर्धगोल सोडायचे आणि माणसांच्या दोन रांगा दोन बाजूंनी ते किनाऱ्याकडे ओढायच्या. शंकर मात्र रांगेत नसायचा. तो मधोमध, गळाभर पाण्यात. "उजवी, वायच थांबा! डावी, येवा रे फुडे!" असं ओरडून तो दोन्ही रांगा सांभाळायचा. त्याचं ऐकलं नाही तर जाळं तिरकं व्हायचं आणि मासा पसार.

१९९८ साली माझी कड खडकात अडकून फाटली. शंकरने मला कापून वेगळं काढलं. आता कुठल्यातरी परसाचं कुंपण होणार, असं मी धरूनच चाललो होतो. पण त्याची दहा वर्षांची लेक वर्षाली फुटबॉलच्या गोलाला जाळी हवी म्हणून हट्ट धरून बसली होती आणि तिच्यापुढे त्याचं काही चालत नसे. त्याने मला गोलाची जाळी करून टाकलं. माशांची पाटी डोक्यावर घेऊन निघालेली तिची आई सत्यवती म्हणाली, "तुमका दोघांकय येड लागलाहा."

मासे गेले, बॉल आला. मला तर फार आवडलं. एकच दुःख होतं. वर्षाली माझ्यात बॉल मारतच नसे. ती मैदानाच्या मध्ये राही, मान वर करून बघे आणि बॉल दुसऱ्या कुणाला तरी देई. मग ज्याला धड पळताही येत नाही असला कुणीतरी गोल करून नाचायचा. मी रुसायचो. जिच्यासाठी माझा जन्म बदलला, तिनेच मला कधी हात लावू नये?

पुढे ती जिल्ह्याकडून खेळली, राज्याकडून खेळली आणि अठराव्या वर्षी गोव्यातल्या एका क्लबने तिला पगारावर घेतलं. दर रविवारी शंकर माझ्यामागच्या टपरीतून तिला फोन लावी.

"गोल केलंस?"

पलीकडून काय उत्तर यायचं, ते त्याच्या पडलेल्या खांद्यांवरून मला कळायचं.

२००७ च्या उन्हाळ्यात मसुऱ्याचं एक स्थळ सांगून आलं. वर्षाली तेव्हा सुट्टीवर घरी होती आणि पुढची दोन वर्षं खेळणार का, याचं क्लबला उत्तर द्यायचं होतं. माझ्यासमोर वाळूत बसून शंकर तिला म्हणाला, "कुडाळाक तुझी टीम येतली मा? थंय माझ्या डोळ्यांदेखत एक गोल कर. नायतर पुरे झाला खेळणा."

"बरां," एवढंच ती म्हणाली. मग कितीतरी वेळ माझी एक गाठ सोडत आणि बांधत राहिली.

कुडाळच्या मैदानावर खांब होते, जाळी नव्हती. शंकरने मला एसटीच्या टपावर टाकून नेलं आणि स्वतःच्या हाताने बांधलं. मग माझ्यात बोटं अडकवून माझ्याच मागे उभा राहिला.

उत्तरार्धात तिची टीम माझ्या दिशेने येऊ लागली. "उजवी, थांब! डावी, फुडे ये!" वर्षालीचा आवाज सगळ्या मैदानावर ऐकू येत होता. शंकरची बोटं एकदम घट्ट झाली. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

शेवटची पाच मिनिटं राहिली आणि बॉल तिच्या पायात आला, अगदी माझ्यासमोर. गोलकीपर हात पसरून पुढे धावली. मारला असता तर गेला असता, नसताही. मी जीव मुठीत धरून वाट बघत होतो. वर्षालीने माझ्यामागे उभ्या असलेल्या बापाकडे एकदा पाहिलं आणि डावीकडून मोकळ्या येणाऱ्या आकांक्षाला बॉल दिला.

आकांक्षाने गोल केला. बॉल माझ्या पोटात आला आणि मला खरंच रडू आलं.

सामना संपला. वर्षाली मान खाली घालून आली. "बाबा, नाय झालो गोल माझ्याच्यान."

शंकरने माझ्यातून बोटं सोडवली. त्यांवर माझे वळ उठले होते. "तीस वर्षां रापणीत मधी उभो आसंय मी," तो म्हणाला. "मी तरी कधी मासो धरलंय?"

मसुऱ्याला दुसऱ्याच दिवशी नकार गेला.

आता २०१० चाललंय. वर्षाली अजून खेळते आणि सुट्टीत आली की इथल्या मुलींना शिकवते. माझ्यात मात्र तिने अजून एकही गोल मारलेला नाही, आणि मी रुसणं सोडलंय. इकडे आलात तर एक बॉल मारून जा माझ्यात. फक्त गोल झाल्यावर नाचण्याआधी, तो तुम्हाला कुणी दिला, तिकडे एकदा बघा.

शंकरच्या खिशात आता मोबाइल आहे. रविवारी माझं भोक शिवता शिवता तो लेकीला फोन लावतो आणि विचारतो, "आज कोणाक दिलंस गो?"