चालत्या हाताचं घड्याळ

सासऱ्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि दोनच दिवसांत त्यांच्या मनगटावरचं घड्याळ थांबलं. सुनेला वाटलं, सुंठेवाचून खोकला गेला. घड्याळ तिच्या नवऱ्याचं होतं. तो अपघातात गेल्यापासून सासरे ते रात्रंदिवस घालून असत. महागडं, जाडजूड पोलादी पट्ट्याचं. त्या पट्ट्याचे वळ तिच्या गालावर कितीदा उठले हे दोघांनाच ठाऊक, आणि त्यातला एक आता नव्हता. सासऱ्यांना काय सांगणार? कानाने अधू माणूस, भिंतीपलीकडे झोपायचा. शिवाय मेल्या म्हशीला मणभर दूध.

घड्याळ थांबलं त्या रात्री ती कितीतरी महिन्यांनी गाढ झोपली. पण सासरे अन्नाला शिवेनात. "चालू करून आण गं पोरी," एवढाच धोशा. नवऱ्यामागे याच माणसाने तिला लेकीसारखं सांभाळलं होतं. तिला नाही म्हणवेना.

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं आणि आतलं अर्धगोल वजन बोटाने ढकललं. घड्याळ लगेच टिकटिकायला लागलं.

"बिघाड कसलाच नाही, ताई. हात हलला की हे वजन फिरतं आणि किल्ली आपोआप दिली जाते. ज्याच्या हातात आहे त्याचा हातच चालत नसेल, तर ते बिचारं काय करणार? घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घालायचं."

सासऱ्यांचा उजवा हातही दिवसभर अंथरुणावर पडूनच असायचा, आणि घरात दुसरं होतंच कोण. दुरुस्त होत नाही म्हणून खोटं सांगावं, असं वाटभर तिच्या मनात घोळत होतं. दारात पोचली, सासऱ्यांचे डोळे पाहिले आणि तिने ते मुकाट्याने स्वतःच्या मनगटावर चढवलं.

भांडी घासताना, कपडे पिळताना ते पोलाद खालीवर सरकायचं. केस मागे सारायला आपलाच हात वर गेला, तरी ती दचकून मान खाली घालायची. मेला तो मेला, वर माझ्याच हातावर येऊन बसला, असं तिला वाटे.

संध्याकाळी ती खाटेशी बसली आणि हात पुढे केला. सासऱ्यांनी तिच्या मनगटाला कान लावला. त्यांचा चेहरा खुलेल असं तिला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. बराच वेळ ऐकून ते दबक्या आवाजात घड्याळालाच म्हणाले, "आज तिच्यावर हात उगारू नकोस रे. दमलीय पोर."

म्हणजे भिंतीपलीकडे यांना सगळं ऐकू येत होतं. इतकी वर्षं हा माणूस मूग गिळून पडून होता.

"बाबा, तुम्हाला ऐकू यायचं?" संतापाने तिचा आवाज चढलाच.

सासऱ्यांनी आपला चांगला हात घाईघाईने तिच्या तोंडावर ठेवला.

"हळू बोल," ते म्हणाले. "तो उठेल."